ढगांच्या वरचा थर

"आजी, तुझा थर सापडला!" नात चपला काढायच्या आधीच दारातून ओरडली.

मी मेथी निवडत होते. माझ्या वयाच्या बाईला थर म्हटलं की पंख्याच्या पात्यावरचा आठवतो. "सापडला असेल तर फडकं घे आणि पुसून टाक," म्हटलं.

"अगं तो नाही! समुद्रावरचा. ढगांच्या वरचा. तुमच्या विमानाचा जुना डेटा माझ्या गाईड मॅडमनी मला दिलाय प्रोजेक्टला. लिटरली तुझ्या अक्षरातल्या वह्या आहेत त्यात!"

माझ्या हातून काड्या भाजीत गेल्या आणि पानं कचऱ्यात.

ही गोष्ट मागच्या दिवाळीनंतरची. नात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. लेकीचं घर खराडीला. तिथून रोज सगळं गाव ओलांडून यायचं तर पोरीचं अर्धं शिक्षण सिग्नललाच झालं असतं, म्हणून आठवडाभर ती माझ्याकडे नारायण पेठेत राहायची. तिचं शेवटच्या वर्षाचं काम ठरलं ते नेमकं त्या संस्थेत, जिथे मी तीस वर्षं नोकरी केली. वैज्ञानिक सहायक. शोध साहेबांनी लावायचा, वह्या मी लिहायच्या.

तो थर काय, ते आधी सांगते. हवेत धूळ, धूर, समुद्राचं मीठ यांचे फार बारीक कण तरंगत असतात. किती आहेत आणि किती उंचीवर आहेत, हे जमिनीवरून नीट कळत नाही, म्हणून आम्ही एका छोट्या विमानात यंत्रं घालून समुद्रावर जात होतो. त्यातलं माझं यंत्र विमानाच्या टपावर होतं. ते सूर्याकडे बघत राहायचं. सूर्याचा उजेड वाटेत किती कमी होतो, त्यावरून आपल्या डोक्यावर किती कण उरले आहेत ते काढायचं. विमान जसजसं वर जाईल तसतशी मळकट हवा खाली राहते, तेव्हा उजेड वाढत जायला हवा. साधा हिशेब आहे.

आमच्या पहिल्या तीन उड्डाणांत तो वाढला नाही. ढगांच्या वर गेल्यावर उलट थोडा कमी झाला. म्हणजे स्वच्छ निळ्या आभाळात, किनाऱ्यापासून इतक्या लांब, ढगांच्याही वर धुराचा एक पातळ थर होता. ही बातमी लहान नव्हती. ढग पांढरा असतो, ऊन परत फेकतो. त्याच्या वर काळपट धूर बसला तर तो ऊन पिऊन घेतो, आणि मग खालच्या ढगाचं काय होतं, तो टिकतो की विरतो, यावर माणसं आजही डोकी फोडताहेत. साहेबांनी शोधनिबंध लिहिला. लेखकांमध्ये तिसरं नाव माझं. संस्थेत सहायकाचं नाव असं वर छापून येण्याची पद्धत नव्हती. सहायकांचे आभार मानायचे, तेही शेवटी, बारीक टाइपात. मी त्या निबंधाच्या दहा प्रती काढल्या आणि ज्यांना त्यातलं अक्षर कळणार नाही अशा सगळ्या नातेवाइकांना पाठवल्या. नणंदेने कळवलं, पोचलं, छपाई छान आहे.

आता तेव्हाच्या माझ्याबद्दल. चाळिशी ओलांडलेली बाई, पण ऐट अशी की विमान माझ्याशिवाय उडायचं नाही. चमूत बाई मी एकटीच. यंत्राच्या तोंडावर तळहाताएवढी जाड काच होती, आणि त्या काचेची मी राखण करत होते. तिला हात लावायचा नाही, पुसायची झाली तर स्पिरिटने, खास कागदाने, एका दिशेने. मी स्वतः पाटी करून शिडीला बांधली होती: "काचेला हात लावू नये. लावल्यास कोणी लावला हे आम्हांस कळते." विमानाचा मेकॅनिक साधा, अबोल माणूस. एकदा तो शिडीवर चढून नुसता वाकून बघत होता, तर मी खालून म्हणाले, "अहो, भजी खाऊन आलात की काय? हात दाखवा आधी." बिचाऱ्याने खरंच दाखवले. स्वच्छ होते.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता. किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्याने माझ्या केसांचा कुंचा झालेला. अशा अवतारात छापून यायचं, तेही विमानाशेजारी? मी पर्समधून खोबरेलाची छोटी बाटली काढली, चांगलं चापून लावलं, वेणी घातली, समोरचे केस तळव्याने बसवले. हात रुमालाला पुसले. तेलाचे हात रुमालाला जेवढे पुसले जातात तेवढे. मग शिडीवर चढले. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, नुसतं उभं राहू नका, काहीतरी करताना दिसा." काचेवर खाऱ्या पाण्याचा एक डाग होता. मी पुढे वाकले आणि उजव्या तळव्याने काच पुसली. गोल, दोनदा. वर हसले.

पाटी माझ्या पायाशीच लटकत होती.

विमान जमिनीवर असताना काच अगदी लख्ख दिसत होती. निघण्यापूर्वी आम्ही दिवा धरून तपासायचो, तशी तपासली. परत आल्यावर तपासली. दोन्ही वेळा ठीक. मधल्या वेळात आम्ही समुद्रावर होतो. खाली ढग असे दिसत होते की कोणी निळ्या चादरीवर सांडगे घातलेत. माझ्या मांडीवर वही होती. ढगांच्या वर गेल्यावर आकडा पडला आणि मी किंचाळले. साहेब म्हणाले, "बाई, परत वाचा." परत वाचला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यापूर्वी कोणी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं.

एकच गोष्ट विचित्र होती. चढताना थर खूप वर लागायचा, उतरताना मात्र पार खालपर्यंत सोबत यायचा. साहेब म्हणाले, "दुपारी खाली बसत असेल." तीनही उड्डाणांत तेच. चौथ्याच्या आधी मेकॅनिकने आठवड्याची साफसफाई केली, सगळ्या काचा स्पिरिटने पुसल्या. चौथ्या उड्डाणाला थर नव्हता. पुढेही कधी दिसला नाही. साहेब म्हणाले, "वारा बदलला." कोणी काही विचारलं नाही. जिला 'आम्हांस कळते' अशी खात्री होती, तिनेही नाही.

त्या वर्षी पुण्यात थंडी चांगली पडली. एका सकाळी खोबरेल गोठलं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली आणि बघत राहिले. पांढरंशुभ्र, अपारदर्शक. मग कडेने हळूहळू पारदर्शक व्हायला लागलं. पाणी चांगलं गरम होतं, तरी मधला गोळा किती वेळ तसाच पांढरा राहिला.

पुण्याच्या थंडीत खोबरेल गोठतं, हे मला परकरात होते तेव्हापासून माहीत. तीन किलोमीटर उंचीवर पुण्याहून बरीच जास्त थंडी असते, हे मला नोकरीमुळे माहीत. ही दोन ज्ञानं एकाच डोक्यात इतके महिने शेजारी राहत होती आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. वर गेलं की माझ्या तळव्याचं तेल गोठत होतं आणि काच दुधी होत होती. खाली आलं की वितळत होतं. वितळायला वेळ लागायचा, म्हणून उतरताना थर खालपर्यंत यायचा. तो धूर नव्हता. ती माझी वेणी होती.

मी त्याच दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर बाहेरगावचे कोणी पाहुणे बसले होते, टेबलावर निबंध. "या आमच्या बाई," साहेब म्हणाले, "थर पहिल्यांदा यांनी पाहिला." पाहुणे चक्क उभे राहिले. मी म्हणाले, "चहा सांगू का?" आणि बाहेर आले. चहा सांगितला. त्यानंतर पुष्कळ संधी आल्या, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी सांगितलं, फक्त ते सांगितलं नाही. मग साहेब निवृत्त झाले. मग गेले. साहेबच नाहीत तर आता कोणाला सांगायचं, असं मी स्वतःला पटवलं, आणि मी पटायला फार सोपी आहे.

तर अशी मी, मेथी निवडत बसलेली, आणि समोर नात उड्या मारतेय.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी विचारलं, "दुसरा एखादा विषय नाही का गं? नवीन काहीतरी?" ती म्हणाली, "हाच बेस्ट आहे. आता उपग्रहाला तसलेच थर दिसताहेत, पण तो खरं बोलतोय का हे तपासायला विमानाची मोजणी लागते. आणि ती कोणाची आहे? माझ्या आजीची!" मग तिने माझ्या गालाचा मुका घेतला. अशा वेळी कोण बोलेल? म्हणजे बोलणाऱ्या बायका असतात. मी त्यांतली नव्हते, आणि सत्तरीला टेकूनही झाले नव्हते.

त्या हिवाळ्यात मी घरात खोबरेल आणलंच नाही. बदामाचं तेल आणलं. नात म्हणाली, "आजी, एकदम पॉश?" मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टर माझे दातांचे आहेत.

ती रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसायची. आलेख काढायची, पुसायची. हसू कमी होत गेलं. एक दिवस म्हणाली, "आजी, एक सांग ना. चढताना थर वर आणि उतरताना खाली. असं का? मॅडम म्हणतात, हे सुटलं पाहिजे. सगळे वारे लावून बघितले, बसतच नाहीये."

मी आमटी ढवळत होते. "साहेब म्हणायचे, दुपारी खाली बसतो."

"इतक्या झटपट?"

"समुद्रावर बसतो."

या शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पहिल्या वेळी मी अजाण होते. मग भित्री होते. या वेळी मी माझ्या नातीशी, तिने सरळ विचारलेलं असताना, खोटं बोलले. तिने ते वहीत लिहून घेतलं. वर "आजी" असं लिहिलं आणि पुढे अवतरण चिन्हात माझं वाक्य. चार आठवडे ती त्या वाक्याच्या मागे धावली. खाली बसणाऱ्या थराची गणितं मांडली. जेवण अर्धं टाकून उठायला लागली. लेकीचा फोन आला, "आई, तिला जरा खायला घाल गं, चेहरा बघ कसा झालाय." मी रोज वेगळं काही करून तिच्यापुढे ठेवत होते. साजूक तूप वाढत होते.

शुक्रवारी तिचा सेमिनार होता. त्यावरून मॅडम ठरवणार होत्या की पीएच.डी.साठी तिची शिफारस करायची की नाही. अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. बुधवारी दुपारी तिने मला खुर्चीत बसवलं. "ऑडियन्स हो. पहिली स्लाइड सरप्राइज आहे."

पडद्यावर मी होते. लेकीच्या अल्बममधला तो फोटो. शिडीवर, वेणी पुढे घेतलेली, दात दिसतील एवढं हसू, आणि उजवा तळवा काचेवर पसरलेला.

"बघ ना, किती क्यूट! काच पुसतेयस!" तिने चित्र मोठं केलं. माझा हात पडदाभर झाला.

मी म्हणाले, "त्या हाताला तेल होतं."

"काय?"

"खोबरेल. वर गोठतं."

ती हसली. मग हसू थांबलं. पोर हुशार आहे, मला जे कळायला कित्येक महिने लागले ते तिला दोन वाक्यांत कळलं. तिने माझ्याकडे न बघता आलेख उघडला. चढतानाचा, उतरतानाचा. दोन्ही शेजारी शेजारी लावले.

"तुला कधीपासून माहितीये?"

"त्याच वर्षीच्या हिवाळ्यापासून."

"आणि मी विचारलं तेव्हा? समुद्रावर बसतो म्हणालीस?"

मी हो म्हणून मान हलवली.

"चार महिने, आजी," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटत होतं मी मठ्ठ आहे."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर ती बाजूला झाली. मग म्हणाली, "तुझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून एकदा झालंय. दाखव."

कोपऱ्यावरच्या दुकानातून खोबरेल आणलं. भिंतीवरच्या एका तसबिरीची काच काढली. मी तळव्याला तेल लावलं, रुमालाला पुसलं, तसंच, आणि काचेवरून गोल फिरवलं, दोनदा. उन्हाळा लागला होता. काचेवर काहीच दिसेना. तिने फ्रिजमध्ये ठेवली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. काढली तेव्हा माझा हात पांढरा उमटला होता. रेघा, बोटं, सगळं. तिने खिडकीतल्या उन्हासमोर धरली, मोबाइलने उजेड मोजला, काच हातात तशीच ठेवून दर मिनिटाला परत मोजत राहिली. आकडे लिहिले. मग लॅपटॉपवरच्या रेघेशी लावून बघितले. बसले. वारे बसत नव्हते, हे लगेच बसले.

मी म्हणाले, "शुक्रवारी मी येते तुझ्याबरोबर. मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगते. चूक माझी आहे."

"नको."

"अगं पण..."

"तू आलीस की सगळे तुझंच कौतुक करतील. या वयात किती प्रामाणिक! टाळ्यासुद्धा पडतील, बघच. आणि मी त्या आजीची नात. नको येऊस."

तिच्या जागी माझी लेक असती तर मी दटावलं असतं. पण ती खरं बोलत होती. मनातल्या मनात मी साडी ठरवलेली होती.

त्याऐवजी तिने माझ्याकडून लेखी निवेदन मागितलं. मी रीतसर बसले, कागद घेतला आणि सुरुवात केली: अत्यंत दुःखाने आणि अपराधी अंतःकरणाने. तिने उभ्याउभ्या वाचून ते खोडलं. "दुःख नको. कुठला हात?"

"उजवा."

"ते लिही. काच आतून की बाहेरून? साफ कधी झाली? कोणी केली?"

मी लिहीत गेले. पानभर झालं. शेवटी मी 'क्षमस्व' लिहिलं, तेही तिने खोडलं आणि सहीसाठी जागा दाखवली. निबंधात तिसऱ्या जागेवर होतं तेच नाव मी खाली लिहिलं. मेकॅनिकचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा ते मला आठवलंच नाही. मी त्याला 'हात दाखवा' म्हणाले होते ते लख्ख आठवलं.

सेमिनारला मी गेले नाही. ती संध्याकाळी आली, पाणी प्यायली आणि सामान भरायला लागली. तीन उड्डाणं बाद. त्यांच्याबरोबर तिची मधली दोन प्रकरणं बाद. मॅडम म्हणाल्या, चूक शोधलीस हे चांगलं, पण शिफारस करावी एवढं काम हातात उरलेलं नाही, पुढच्या वर्षी बघू. त्या जुन्या निबंधाचं काय करायचं ते संस्था ठरवेल. साहेबांच्या घरी आता त्यांची पत्नी असते. त्यांना कोण कळवणार, हे मी विचारलं. "तू," ती म्हणाली. मी कळवलं. त्या फोनबद्दल मी लिहिणार नाही.

नात खराडीला राहायला गेली. "ट्रॅफिक?" मी विचारलं. "चालेल," ती म्हणाली. लेकीने मला फोन केला आणि "आई, काय केलंस गं हे?" एवढंच म्हणाली. मग दोघींनी फोन धरून ठेवला.

आता नातीचे मेसेज येतात. गप्पांचे नाहीत. त्या मोहिमेची बाकीची सगळी उड्डाणं ती एकेक करून तपासते आहे. पुढच्या वर्षी ती वापरायची तर आधी ती स्वच्छ आहेत हे कळायला हवं. मी लिहिलं, "बाकी कुठे हात लावला नव्हता, नक्की." उत्तर आलं, "तुझ्या नक्कीवर नको. आकड्यांवरून बघते." यावर चिडायचा हक्क मला नाही. तरी दोन दिवस चिडले.

प्रश्न येत राहतात. पाचव्या उड्डाणाला दिवा धरून काच कोणी तपासली. सहाव्याला पाऊस लागला होता का. सुरुवातीला मी ठासून उत्तरं दिली, कारण मला वाटतं मला सगळं आठवतं. तिने ती माझ्याच वह्यांशी ताडून बघितली आणि दोन चुकीची निघाली. मुद्दाम केलेली नव्हती. इतकी वर्षं एक गोष्ट लपवताना तिच्या आसपासचंही मी नीटनेटकं करून ठेवलं होतं, मला न कळत.

परवा तिने विचारलं, आठव्या उड्डाणाच्या आधी काचेवरचं झाकण काढताना शिडीवर कोण होतं. माझ्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभं राहिलं. साहेब, निळा शर्ट, हातात कागद. बोट अक्षरांवर गेलंसुद्धा. मग वाटलं, निळा शर्ट मी आत्ता घातलाय त्यांना. मी खोडलं आणि लिहिलं, "आठवत नाही."

पलीकडे ती लिहितेय, थांबतेय, परत लिहितेय असं दिसत होतं. मग आलं, "ओके. थँक्यू, आजी."

महिन्याभरानंतर ती आजी म्हणाली होती. मी काही लिहावं म्हणून शब्द शोधत होते, तेवढ्यात खाली पुढचा प्रश्न आला. नववं उड्डाण. मी चहा बाजूला ठेवला आणि खरंच काय आठवतं ते शोधत बसले.